‘सायन्स घेऊन ठेव’ यांस

रा. रा. सल्लासाहेब,
मु. पो. प्रत्येक घराची बैठकीची खोली,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की तुम्हाला मान वर करायला सवड मिळत नाही, म्हणून हे पत्र हंगाम सुरू व्हायच्या आधीच टाकतो आहे. दुपारी एकला मंडळाच्या संकेतस्थळावर गुण दिसू लागतात आणि दोनच्या आत तुम्ही घराघरांत पोचलेले असता. कधी मामांच्या तोंडून, कधी समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंच्या, कधी साक्षात वर्गशिक्षकांच्या. हल्ली तर जाण्यायेण्याचीही दगदग उरलेली नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला अंगठा उमटायच्या आत तुम्ही तिथे उमटता : “अठ्ठ्याऐंशी टक्के? वा! मग प्रश्नच नाही. सायन्स घेऊन ठेव. पुढे कुठेही जाता येतं.”

त्यातलं ‘प्रश्नच नाही’ मला विशेष आवडतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या दिवशी प्रश्नांवाचून दुसरं काही नसतं आणि तुम्ही ते सगळे एका फटक्यात मिटवता. अभिनंदन.

तुमच्या या कसबाची किंमत कळायची तर हेच काम इतर लोक किती कष्टानं करतात ते पाहावं लागतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१७-१८पासून सहावी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचं आणि पुढच्या कामधंद्याचं नियोजन करण्याची जबाबदारी शाळांवर टाकलेली आहे. वॉशिंग्टन राज्यात प्रत्येक मुलाला शाळेचा आणि शाळेनंतरचा असा आपापला आराखडा करावा लागतो. सातवी-आठवीत तो सुरू होतो, पुढे खोडून-दुरुस्त करून पुन्हा लिहिला जातो आणि तो केल्याशिवाय शाळा पूर्ण झाली असं मानत नाहीत. काय आवडतं, काय जमतं, कोणते विषय घेणार, सुट्टीत कुणाचं काम जवळून बघणार, हे त्यात लिहायचं. पुढच्या वर्षी मन बदललं तर तेही लिहायचं आणि त्याबद्दल कुणी रागवायचं नाही. शाळेतल्या एका मोठ्या माणसानं त्या मुलाशेजारी बसून ते वाचायचं. या उठाठेवीची एक मुळी थेट १९०८ सालापर्यंत जाते. त्या वर्षी फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी बॉस्टनमध्ये तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी स्वतःला नीट ओळखा, मग जगात कोणकोणती कामं आहेत आणि त्यांना काय लागतं ते बघा, मग शांत डोक्यानं दोन्हींचा मेळ घाला.

किती वेळखाऊ माणूस! तुम्ही तेवढंच काम चहाचा कप खाली ठेवायच्या आत उरकता.

तिकडेही सगळं आलबेल नाही, हे सांगून तुमच्या आनंदात भर घालतो. एका समुपदेशकाकडे २५० विद्यार्थी असावेत अशी तिथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षातली सरासरी पावणेचारशेच्या घरात जाते. संगणकावरचे रकाने भराभर भरून ‘झाला एकदाचा आराखडा’ म्हणणारी मुलं तिथेही आहेतच. पण निदान प्रत्येक कागदावर नाव वेगळं आणि मजकूरही वेगळा असावा, एवढी अपेक्षा तरी त्यांनी ठेवली आहे. आपल्याकडे नावं लाखो आणि मजकूर एकच. तुम्ही.

तुमच्या कामाची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. मुलाबद्दल तुम्हाला एकच गोष्ट माहीत असावी लागते. तो काय वाचतो, कशात रमतो, कोणत्या तासाला खिडकीबाहेर बघतो, ही माहिती तुम्ही कटाक्षानं टाळता, कारण तिनं निर्णयाला विनाकारण उशीर होतो. पंच्याऐंशीच्या वर गेला की सायन्स. सत्तरच्या आसपास रेंगाळला की “कॉमर्सही वाईट नाही हं.” साठच्या खाली आला की आर्ट्स, तेही आवाज थोडा खाली आणून. काठावर पास झाला तर आयटीआय, आणि हा शब्द तुम्ही असा उच्चारता की पोराला सुधारगृहात धाडायचं ठरलं असावं. घरातली मोटार जळली की ज्याला दिवसभरात चार फोन करता आणि जो संध्याकाळपर्यंत फिरकत नाही कारण त्याच्याकडे कामाची रांग आहे, तो वायरमन कुठून शिकून आला, हे तेव्हा तुमच्या मनात येत नाही.

२०२५ साली राज्य मंडळाच्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. मला या मुलांचं खरंच कौतुक आहे. त्याहून कौतुक तुमचं, कारण त्या २११ जणांपैकी एकालाही वेगळं काही विचारावं असं तुम्हाला वाटलं नसणार. दोनशे अकरा डोकी आणि सगळ्यांचा ओढा नेमका एकाच खिडकीकडे! असा योग खगोलशास्त्रातही दुर्मिळ.

तुमचं सगळ्यांत नाजूक कलाकाम मात्र चित्रकलेच्या बाबतीत दिसतं. मुलगी सातवी-आठवीत एलिमेंटरीची परीक्षा देते, मग इंटरमिजिएटची. रंगांची पेटी घासून घासून संपवते, स्थिरचित्रातल्या तांब्याची सावली कुठे पडते यावर शिक्षकांशी हुज्जत घालते. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळते. ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. वाढीव गुणांनी टक्का वर सरकतो. टक्का वर सरकला की तुम्ही येता आणि म्हणता, “इतके मार्क आहेत, सायन्स घेऊन ठेव.” आणि अकरावीच्या जूनमध्ये रंगांची पेटी माळ्यावर जाते. म्हणजे तिची चित्रकलाच तिला चित्रकलेपासून दूर नेऊन सोडते. असा कट एखाद्या रहस्यकथाकाराला सुचला असता तर प्रकाशकानं ‘हे पटत नाही’ म्हणून परत पाठवला असता.

आता तुमच्या त्या प्रसिद्ध दारांबद्दल बोलू. ‘सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी एकेक दार ढकलून बघितलं.

पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावी कोणत्याही शाखेची चालते. सीएच्या फाउंडेशनला चालते. हॉटेल मॅनेजमेंटला चालते. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्र-शिल्प शिकायला जायचं तर तुमची बारावी सायन्सची होती का, असं तिथे कुणी विचारत नाही. आयआयटीत डिझाइन शिकायचं तर ‘यूसीड’ नावाची परीक्षा असते. तिला आर्ट्सचा विद्यार्थी बसू शकतो. होय साहेब, आयआयटीत, आर्ट्सचा. जरा पाणी प्या. एनडीएच्या लष्करी शाखेला कोणतीही बारावी चालते, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं ते हवाई दलाला आणि नौदलाला. यूपीएससी-एमपीएससीला कोणतीही पदवी चालते. म्हणजे जी दारं तुम्ही उघडी ठेवल्याचा दावा करता, त्यातली अर्धी सगळ्यांसाठी आधीपासूनच उघडी होती. तुम्ही फक्त दारापाशी उभे राहून तिकीट फाडत होतात.

मग उरलेली दारं? तिथे गंमत आणखी वाढते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी. स्टॅट.ला बारावीला गणित आणि इंग्रजी लागतं. भौतिक-रसायनाबद्दल तिचा हट्ट नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स करायची तर गणित हवं. म्हणजे आकड्यांत रमणाऱ्या, पण बेडकाच्या पचनसंस्थेत अजिबात न रमणाऱ्या मुलाला सांगायला हवं होतं ते इतकंच : “कॉमर्स घे, आर्ट्स घे, पण गणित सोडू नकोस.” हा झाला एका मुलासाठीचा सल्ला. अकरावीच्या कॉमर्सला गणित ऐच्छिक असतं आणि ‘टक्का घसरतो’ म्हणून हजारो मुलं ते सोडून देतात, तेव्हा खरोखरच एक दार धाडकन लागतं. त्या वेळी तुम्ही कुठे असता? तुम्ही दुसऱ्या घरी पेढा खात असता.

यंत्रांत हात घालून बसणाऱ्या मुलाला दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला जाता येतं, पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. हे कधी सांगितलंत? नाही. त्यात ‘पुढे कुठेही’ नाही ना, त्यात ‘इथून इथे’ आहे. आणि ‘इथून इथे’ सांगायचं तर आधी ‘इथे’ कोण उभा आहे ते बघावं लागतं.

थोडा तुमच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. उलटा प्रवास होत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. आर्ट्सची बारावी करून मग थेट वैद्यकीयला जाता येत नाही, कृषी पदवीला किंवा बी. एस्सी. नर्सिंगला जाणंही जवळपास अशक्य. सायन्सहून आर्ट्सला मात्र केव्हाही उतरता येतं. ज्या मुलाला खरोखरच अजून काही सुचलेलं नाही आणि ज्याला भौतिक-रसायन झेपतं, त्याला तुम्ही चुकीचं सांगत नाही. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या घराला एकच वाट ठाऊक असेल तर ती तुम्ही दाखवता, हेही नाकारत नाही. माझी तक्रार एवढीच, की हे तुम्ही त्या एका मुलाला सांगून थांबत नाही.

आणि झेपत नाही तेव्हा काय होतं, तेही सांगतो, कारण बारावीच्या निकालाला तुम्ही फिरकत नाही. ज्या मुलाला इतिहास-राज्यशास्त्रात सहज पंच्याऐंशी पडले असते, तो सायन्समध्ये बावन्नवर येतो. आता जिथे प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो, तिथे गुणवत्ता यादी आली की ते बावन्न त्याच्याबरोबर येतात. दार उघडंच असतं, फक्त आत शिरायची त्याची हिंमत संपलेली असते. दोन वर्षं ‘मला येत नाही’ हे एकच वाक्य त्यानं मन लावून शिकलेलं असतं.

दोन मोठी दारं तेवढी खास तुमचीच आहेत, ती मोजून ठेवू. २०२४ साली नीटला देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. त्याच वर्षी जेईई मेनला बसलेली मुलं चौदा लाखांच्या आसपास आणि आयआयटीच्या सगळ्या मिळून जागा साडेसतरा हजारांहून थोड्या जास्त. ज्या दाराशी वीस-बावीस जण उभे आणि आत एकाची जागा, त्याला ‘उघडं दार’ म्हणायला काळीज लागतं. ते तुमच्यापाशी आहे. बाहेर राहिलेल्या बाकीच्यांचं काय, यावर तुमच्याकडे उत्तर तयार असतं : “एक वर्ष गॅप घे.”

याच दारांसमोर ‘इंटिग्रेटेड’चं दुकान उभं राहिलं. कॉलेजात फक्त नाव, दिवसभर क्लास, प्रात्यक्षिकांच्या वह्या आयत्या उतरवून घेतलेल्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा वासही न घेता सायन्स पूर्ण करणारी पिढी आपण तयार केली. २०१८ साली राज्य सरकारला कनिष्ठ महाविद्यालयांच्या सायन्सच्या वर्गांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, मुलं वर्गात असतात की नाही हे बोटांच्या ठशांवरून कळावं म्हणून. आता बोटांचे ठसे निघालेच आहेत तर आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याचं करिअर सांगणारी चाचणी विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलं आहे. पण पालक हजारो रुपये मोजतात. मुलाला तोंड आहे आणि त्याला विचारायला काही पडत नाही, हे बहुधा त्यांच्या कानावर अजून आलेलं नाही.

तुमचा एकच प्रतिस्पर्धी मैदानात उतरला होता, त्याला तुम्ही कसं लोळवलंत याची हकिकत माझ्या वाचकांना सांगू द्या. २०१६ साली राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. श्यामची आई फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्यानं, लाखो मुलांची. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. गणवेशधारी सेवा! किती मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल की आपल्याला खाकी आवडते याला एक नाव आहे आणि सरकार ते छापूनही देतं. पुढे अभिक्षमतेची चाचणीही जोडली गेली. हेतू उत्तम होता आणि मी त्याची टर उडवणार नाही. उडवतो ती त्याच्या वेळेची. चाचणी दहावीच्या अखेरीला. म्हणजे तेव्हा मुलाच्या हातात वेळ उरलेला नाही, शिक्षकाच्या डोक्यात सराव परीक्षा, आणि अहवाल समजावून सांगायला माणूस नाही.

अहवाल घरी आला. त्यावर लिहिलेलं : ललित कला. वडिलांनी चष्मा लावून वाचलं, म्हणाले, “अक्षर चांगलं आहे म्हणा त्याचं.” आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत गेला. तुम्ही सोफ्यावर बसून हे बघत होतात. तुम्हाला बोट उचलायचीही गरज पडली नाही. करोनाच्या काळात चाचणी थांबली, तेव्हा फार कुणी हळहळलं नाही. २०२० साली युनिसेफच्या मदतीनं महाकरिअर पोर्टलही आलं, नववी ते बारावीसाठी. शेकडो व्यवसायांची माहिती एका ठिकाणी. चांगलंच झालं. पण माहितीचं संकेतस्थळ मुलाला ‘तू गेल्या वर्षी असं का म्हणाला होतास?’ असं विचारत नाही. ते विचारायला समोर माणूस लागतो, आणि तोही गेल्या वर्षी तिथे असलेला.

तसा माणूस नेमावा असं कुणाला सुचलं नव्हतं, असंही नाही. १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं शाळांना मार्गदर्शन अधिकारी द्या म्हटलं, बहुउद्देशीय शाळा काढा म्हटलं. १९६४-६६च्या कोठारी आयोगानं मार्गदर्शन हे शिक्षणाचं अंगच माना म्हटलं. १९८६च्या धोरणानं १९९५पर्यंत उच्च माध्यमिकची पंचवीस टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं. २०२०च्या धोरणानं शाखांमधल्या भिंती पाडायच्या ठरवल्या, आणि २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची ठरवली. आयोग आले, अहवाल आले, तारखा उलटून गेल्या. तुम्ही मात्र अहवाल न छापता, समिती न नेमता राज्य करत राहिलात. आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता, त्या तासाला गणिताचे सर येऊन राहिलेली प्रमेयं शिकवायचे. ते तुमचेच प्रतिनिधी होते, हे फार उशिरा लक्षात आलं.

तुम्हाला चुकवून पुढे गेलेल्यांपैकी एक नाव सांगतो, तुमचा रक्तदाब सांभाळा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी मागे ठेवून आलेला शास्त्रज्ञ. त्यांच्या कामातून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. लोखंड कापणं-जोडणं, वीज, शेती आणि जनावरं, अन्न आणि आरोग्य, सगळं थोडं थोडं. शिकवायला बऱ्याचदा गावातलाच कारागीर. एखादी मुलगी वेल्डिंगचा चष्मा लावते आणि तिला कळतं की हे आपल्याला जमतं. दुसऱ्याला कळतं की आपल्याला हे अजिबात नको. हे दुसरं कळणं पहिल्याइतकंच मोलाचं आहे. ते तिसऱ्या सेमिस्टरला, चार लाख फी भरल्यावर कळण्यापेक्षा आठवीत, एका शुक्रवारी, फुकटात कळलेलं बरं.

खेड्यात तर तुम्हाला एक जबरदस्त जोडीदार मिळतो : शेवटची एसटी. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमांना ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या बऱ्याच मुलींची फी राज्यानं २०२४-२५पासून माफ केली आहे, हे सगळं खरं. पण गावाजवळच्या कॉलेजात एकच शाखा असेल आणि तालुक्याच्या कॉलेजातलं प्रात्यक्षिक गाडी सुटल्यावर संपत असेल, तर मुलीची शाखा एसटीचं वेळापत्रक ठरवतं. तिच्यापुरता आराखडा करायचा म्हणजे कुणीतरी वही उघडून तिथे लिहायला हवं : परतीची गाडी किती वाजता, वसतिगृह कुठे, अर्जाची तारीख कधी, बापाशी कोण बोलणार. यात मानसशास्त्र कमी आणि चौकशी जास्त. तुमच्या ‘कुठेही जाता येतं’मध्ये गाडीची वेळ नसते.

तुमच्या खानदानाची ओळखही वाचकांना असावी. तुमचे धाकटे बंधू : ‘दोन्ही ग्रुप घेऊन ठेव.’ म्हणजे गणितही, जीवशास्त्रही, झोप नको. चुलत बहीण : ‘एमएस-सीआयटी करून ठेव.’ मेहुणे : ‘डी. एड. करून ठेव.’ वयोवृद्ध आत्या : ‘फॉर्म भरून ठेव, बघू पुढे.’ सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून आणलेली कढई जशी लागेल तेव्हा लागेल म्हणून वर टाकून देतात, तशी तुम्ही मंडळी पोरांची वर्षं ठेवून देता. आणि पुढे बघायची वेळ येते तेव्हा पोरगं बावीस-तेवीसचं झालेलं असतं, आणि घरातली मोठी माणसं त्यालाच विचारतात : “अरे, तुला नक्की करायचंय तरी काय?”

हा प्रश्न विचारायला तुम्हाला सात-आठ वर्षं उशीर होतो, आणि त्याचं कारण मला आता नीट कळलं आहे. तुम्ही मुलासाठी नाहीच मुळी. तुम्ही मोठ्यांच्या सोयीसाठी आहात. वर्गात साठ-सत्तर मुलं असताना एकेकाकडे बघायला शिक्षकाला वेळ नाही, तुम्ही त्याची सुटका करता. मूल आपल्यासारखं नाही हे मान्य करणं बापाला जड जातं, तुम्ही ती वेळ पुढे ढकलता. आईला नातेवाइकांत उत्तर द्यावं लागतं, तुम्ही ते तयार करून देता : “सायन्सला आहे.” तीन शब्दही नाहीत आणि पुढे कुणी काही विचारत नाही. मुलाकडे न बघता मुलाची काळजी केल्याचं समाधान तुम्ही इतक्या स्वस्तात देता, की खऱ्या मार्गदर्शनाचा धंदा कसा चालावा?

तेव्हा, साहेब, माझी तुम्हाला विनंती अशी. तुम्ही निवृत्त व्हा. एकदम जमणार नसेल तर निदान दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघर जाणं बंद करा, आणि फारच राहवलं नाही तर बारावीच्या निकालाला एकदा येऊन जा, ज्यांना तुम्ही अठ्ठ्याऐंशीवर सायन्सला बसवलंत त्यांच्याकडे. पेढे नसतील, पण चहा देतील.

मोठ्यांचे आशीर्वाद वगैरे नकोत. कळावे.

आपला नाही,
एक पालक

ता. क. : हे पत्र आठवी-नववीतल्या मुलांचे आईबाप वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश अर्जात आता दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती नोंदवता येते. शाखा का निवडली, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. तो एक प्रश्न घरात दोन वर्षं आधी विचारा, उत्तर मुलालाच त्याच्या अक्षरात एका वहीत लिहू द्या, आणि पुढच्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा त्याच्यासमोर बसा.